एप्रिल-मेमध्ये मावळात उडायचं असेल तर वळवाचा अंदाज कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पॅराग्लायडिंगचा प्राथमिक कोर्स झाला आहे, थोडे तास हवेत गेले आहेत, आणि एप्रिलच्या उत्तरार्धात चार दिवस कामशेतला येऊन उडायचं आहे. फोनवरच्या हवामान अ‍ॅपमध्ये मात्र रोज दुपारी विजेचं चिन्ह आणि बाजूला 30 टक्के, 40 टक्के असे आकडे दिसतात. यायचं की नाही? आणि धाकटा भाऊ बारामतीला विमान चालवायला शिकतोय, त्यालाही हेच लागू होतं का?

या. पण त्या 30 टक्क्यांकडे बघून ठरवू नका.

तो आकडा नकाशावरच्या एका ठिपक्यासाठी असतो. त्या ठिपक्यावर, त्या तासांत पाऊस पडण्याची शक्यता तेवढी, इतकाच त्याचा अर्थ. शेतात कांदा काढून ठेवलेल्या माणसाला हा आकडा उपयोगी आहे, कारण त्याचं शेत हा एक ठिपका आहे. पायलटला पाऊस डोक्यावर पडतो की नाही याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. गडगडाटी ढग 30 किलोमीटरवर कोसळला, तरी त्याखालून सुटलेला वारा अर्ध्या-पाऊण तासात तुमच्या टेकडीवर येऊ शकतो. त्यामुळे तुमचा प्रश्न एका मोठ्या वर्तुळाचा आहे. 50 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्याचं क्षेत्रफळ 7,850 चौरस किलोमीटर भरतं, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ निम्मं. एका गावात पाऊस पडण्याची शक्यता 30 टक्के असेल, तर एवढ्या पट्ट्यात कुठेतरी एक तरी सीबी, म्हणजे गडगडाटी ढग, उभा राहण्याची शक्यता त्याहून कितीतरी जास्त असते. एप्रिल-मेच्या दमट आठवड्यात तर ती जवळजवळ खात्रीच धरायची.

हवामान खात्याची भाषाही याच नजरेनं वाचायची. बातमीपत्रात ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ असं आलं की बरेच जण सुटकेचा निःश्वास टाकतात. ‘तुरळक’ हा तिथे मोजून वापरलेला शब्द आहे. त्या विभागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, म्हणजे तुरळक. त्यापुढे 50 टक्क्यांपर्यंत ‘काही ठिकाणी’, 75 पर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याहून जास्त असेल तर ‘बहुतांश ठिकाणी’. किती केंद्रांवर पडेल एवढंच हे शब्द सांगतात. किती जोरात पडेल, वारा किती सुटेल हे त्यात येत नाही. वळवाचा पाऊस स्वभावानंच तुरळक असतो, आणि त्या तुरळक ढगांतला एकेक मात्र चांगलाच आडदांड असू शकतो. जिल्हावार इशाऱ्यात पिवळा रंग आणि ‘30 ते 40 किलोमीटर वेगानं सोसाट्याचा वारा’ दिसला तर तो वेग तुमच्या ग्लायडरच्या वेगाशी लावून बघा. सुरुवातीच्या वर्गातली विंग ब्रेक न ओढता ताशी 36 ते 38 किलोमीटरनं चालते. समोरून 40 चा वारा आला तर तुम्ही मागे जायला लागता.

मग उडायचं कधी? माझं उत्तर घड्याळाचं आहे. या मोसमात ‘आज उडता येईल का’ असं न विचारता ‘आज किती वाजता खाली असायला हवं’ असं विचारायचं. हा तास सकाळी, डोकं थंड असताना, टेक-ऑफवर जाण्याआधी ठरवायचा. हवेत गेल्यावर तो पुढे ढकलायचा नाही, मागे आणायला हरकत नाही. तो तास कसा ठरवायचा ते सांगतो, पण त्याआधी आपल्या भागात या दिवसांत हवा नेमकं काय करते हे डोळ्यांसमोर आणू.

मार्च ते मे हा आपला पूर्वमोसमी काळ. पठार तापतं आणि जमिनीजवळची हवा दर किलोमीटरला जवळपास 10 अंशांनी थंड होत वर चढते. फक्त उष्णता असेल तर धोका थर्मलच्या, म्हणजे तापून वर उठणाऱ्या हवेच्या, ताकदीचा आणि दुपारच्या खळबळीचा, विजेचा नाही. वीज यायला ओलावा लागतो. आपल्याकडे तो दोन बाजूंनी येतो: अरबी समुद्रावरून दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर, आणि बंगालच्या उपसागरावरून आग्नेयेच्या वाऱ्याबरोबर. या दिवसांत विदर्भ, मराठवाडा, अंतर्गत कर्नाटक असा दक्षिणेपर्यंत जाणारा एक पट्टा हवामान खात्याच्या बातमीपत्रात सारखा दिसतो. कधी त्याला कमी दाबाचा पट्टा म्हणतात, कधी वाऱ्यांची खंडितता. त्याच्या पश्चिमेला वायव्येकडून येणारी कोरडी हवा, पूर्वेला उपसागराची दमट हवा. हा पट्टा पूर्वेला सरकला की मावळ कोरडं राहतं, आकाश निळं आणि थर्मल उंच. तो पश्चिमेला सरकून मराठवाड्यातून मध्य महाराष्ट्राकडे आला की दोन दिवसांत पुण्याच्या आसपास दुपारी ढग उभे राहायला लागतात. त्यामुळे अ‍ॅपवरच्या चिन्हापेक्षा हा पट्टा आज कुठे आहे हे एक वाक्य वाचणं जास्त मोलाचं. बातमीपत्रात ते रोज असतं, लोक वाचत नाहीत.

मार्च, एप्रिल आणि मे एकसारखे नाहीत. फेब्रुवारीअखेर ते मार्च या काळात उत्तरेकडचे पश्चिमी झंझावात अजून खालपर्यंत हात पोचवतात. वरच्या थरात थंड हवा असते, शून्य अंशाची पातळी त्या मानानं खाली असते, आणि ओलावा मिळाला की गारपीट होते. 2014 च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्रात जे झालं ते याच प्रकारातलं. अशा वेळी दोन-तीन दिवस सरळ घरी बसायचं. बाकीचा मार्च मात्र उडण्यासाठी सुंदर असतो, कोरडा आणि स्पष्ट. एप्रिलमध्ये थर्मल वर्षातले सर्वांत जोरकस, दिवस कोरडे आणि दमट असे आळीपाळीनं येणारे. तुमचे चार दिवस यातच पडतात. मेमध्ये ओलावा जवळजवळ कायमचा मुक्कामाला येतो आणि पश्चिमेचा वारा आठवड्यागणिक वाढत जातो. मेच्या उत्तरार्धात घाटमाथ्यावर अनेक दिवस नुसत्या वाऱ्यामुळेच उडता येत नाही, विजेपर्यंत गोष्ट जातच नाही. मोसम 10 जूनपर्यंत चालतो असं कुणी सांगेल, ते धरून चालू नका. 2025 मध्ये मान्सून 24 मेला केरळात आणि 26 मेला मुंबईत होता. मुंबईची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे.

आता मावळातला एक दिवस. एप्रिलच्या पहाटे हवा शांत असते. रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसलेला असतो, त्यावर इन्व्हर्जन, म्हणजे खालच्यापेक्षा गरम हवेचं झाकण. सूर्य वर आला की नऊ-दहाच्या सुमारास तो थर फुटायला लागतो, आणि अकरा ते तीन हे नवशिक्यांनी झाडाखाली बसण्याचे तास. इतक्या तापलेल्या जमिनीवरचे थर्मल अरुंद आणि कडेला फाटके असतात. तुम्ही कितीही उत्साही असलात तरी थोडक्या तासांच्या अनुभवावर एप्रिलच्या दुपारी एकला टेक-ऑफ घेऊ नका. मग दुपारी समुद्रावरचा वारा घाट चढून येतो, हवा एकसारखी होते, पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यांवर गुळगुळीत लिफ्ट, म्हणजे वर उचलणारी हवा, मिळते. कामशेतला संध्याकाळचं सत्र लोकप्रिय आहे ते यामुळेच.

अडचण इथेच आहे. वळवाचे ढग आपल्या पठारावर बहुतेक करून दुपारी तीन ते संध्याकाळी सात-आठ या वेळात पिकतात. उडायला सर्वांत गोड वेळ आणि सीबीची वेळ एकच. शिवाय समुद्राचा वारा पश्चिमेकडून आणि पठारावरचा वारा पूर्वेकडून, असे दोन्ही जिथे भिडतात तिथे हवेला वर जाण्याशिवाय जागा उरत नाही. घाटमाथ्याच्या जरा पूर्वेला अशी एक उत्तर-दक्षिण रेघ तयार होते. कोरड्या दिवशी ही रेघ म्हणजे लांब पल्ल्याच्या (क्रॉस-कंट्री) पायलटची मेजवानी. दमट दिवशी त्याच रेघेवर ढगांची रांग उभी राहते, आणि ती तुमच्या पाठीमागे असते. संध्याकाळी तुम्ही पश्चिमेकडे तोंड करून कड्यावर सोअरिंग करत, म्हणजे वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगत असता, समोर सूर्य, पवना धरणाचं पाणी चमकतंय, सगळं छान, आणि मागे पुण्याच्या बाजूला आकाश काळंनिळं झालेलं असतं. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर मुद्दाम मान वळवून पूर्वेला बघायची सवय लावून घ्या. आमच्याकडे शिकणाऱ्यांना मी हे इतक्यांदा सांगतो की ते माझी नक्कल करतात.

तर खाली यायचा तास कसा ठरवायचा. मी सर्वांत आधी बघतो तो दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान. तापमानातून दवबिंदू वजा करा, उरलेल्याला 125 नं गुणा: ढगांचा तळ जमिनीपासून साधारण तितके मीटर उंच. दुपारचं तापमान 38 आणि दवबिंदू 6 असेल तर तळ 4,000 मीटरवर निघतो. तिथपर्यंत थर्मल सहसा पोचतच नाही, म्हणजे निळा दिवस. अशा दिवशी संध्याकाळचं पूर्ण सत्र करा. तापमान 36 आणि दवबिंदू 18 झाला तर तळ 2,250 मीटरवर येतो, ढग नक्की बनणार, आणि वरची हवा अस्थिर असेल तर ते थांबणार नाहीत. आकड्यापेक्षाही त्याचा कल बघा. काल 8, आज सकाळी 13, उद्याच्या अंदाजात 17 असेल, तर पट्टा सरकतोय आणि उद्याची संध्याकाळ तुमची नाही.

मधली अवस्था सर्वांत फसवी. तळ 3,000 मीटरवर, खाली सगळी कोरडी हवा, वर थोडा ओलावा. ढग फार मोठा दिसत नाही, खालून पावसाचे पडदे लोंबताना दिसतात पण जमिनीपर्यंत येत नाहीत. मोबाईलवर पाऊस शून्य. पण तो पाऊस मधल्या कोरड्या हवेत वाफ होताना तिला झपाट्यानं थंड करतो, थंड हवा जड होऊन सरळ खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे धुळीची भिंत उठते ती बहुतेक वेळा अशीच. ‘पाऊस तर नाहीये’ हे वाक्य अशा दिवशी अगदी निरुपयोगी असतं.

दवबिंदूनंतर केप. विंडीसारख्या हवामान अ‍ॅपवर हा आकडा मिळतो. वर निघालेल्या हवेच्या पुंजक्याला किती बळ मिळू शकेल याचं ते माप. 1,000 च्या आत असेल तर मी बाकीच्या गोष्टी बघून ठरवतो, 1,000 च्या वर गेला की संध्याकाळचं सत्र रद्द धरूनच नियोजन करतो, 2,500 च्या आसपास असेल तर शिकणाऱ्यांना सकाळी नऊनंतर हवेत सोडत नाही. पण केप म्हणजे फक्त साठा. तो बाहेर पडेल की नाही हे वर इन्व्हर्जनचं झाकण किती घट्ट आहे यावर असतं, आणि ते झाकण एप्रिलच्या दुपारी चारपर्यंत टिकून एकदम निसटू शकतं. दिवसभर एकही ढग नाही आणि साडेचारला अर्ध्या-पाऊण तासात कोबीच्या गड्ड्यासारखा ढग फुगतो, तो असा. दुपारी दोनला आकाश स्वच्छ होतं हा पुरावा म्हणून घेऊ नका.

वाऱ्याचे थर तीन ठिकाणी बघायचे: 1,500 मीटर, 3,000 मीटर आणि साडेपाच-सहा हजार मीटर. खालचा थर टेकडीवर काय मिळेल ते सांगतो. वरचे दोन ढग कुठून कुठे सरकतील ते सांगतात. वरचा वारा पूर्वेकडून असेल तर पुणे-शिरूर पट्ट्यातला ढग तुमच्याकडे येणार. पश्चिमेकडून असेल तर घाटावर उभा राहिलेला ढग पुढे पुण्याकडे जाईल, पण त्याचा जन्म कदाचित तुमच्याच डोक्यावर होईल. दोन्हीत सुख नाही, फक्त बघायची दिशा बदलते.

मॉडेलच्या वेळेवर जास्त विसंबू नका. जागतिक मॉडेल 9, 12 किलोमीटरच्या चौकटींवर चालतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं विकसित केलेली आणि मे 2025 मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिमही 6 किलोमीटरची आहे. एकटा वळवाचा ढग या चौकटीत मावून जातो आणि मॉडेल त्याचा फक्त सरासरी अंदाज बांधतं. अशा मॉडेलमध्ये दुपारचा पाऊस बहुधा प्रत्यक्षापेक्षा लवकर पडलेला दिसतो. त्यामुळे ‘एक वाजता पाऊस दाखवतोय, अडीच वाजले तरी काही नाही, म्हणजे अंदाज चुकला’ असा निष्कर्ष काढून लोक चारला वर जातात. अंदाज चुकलेला नसतो, उशिरा येत असतो.

सकाळी साडेपाचला मुंबई, नागपूरसारख्या केंद्रांवरून हवेचे थर मोजणारा फुगा सोडतात. त्याचा आलेख वाचायला शिकलात तर बरंच, नसेल येत तर आकाश वाचा. सकाळी सात-आठला मधल्या उंचीवर किल्ल्याच्या बुरुजांसारखे छोटे छोटे ढग ओळीत उभे दिसले, तर वरचा थर आधीच अस्थिर आहे. त्या दिवशी माझा खाली यायचा तास दुपारी बारा असतो, इतर काहीही दाखवत असलं तरी. अकराच्या आधी नेहमीचे कापसाचे ढग दिसायला लागले तर दिवस लवकर पिकणार. ढग रुंदीपेक्षा उंचीनं वाढायला लागला, त्याच्या कडा चिरेबंद, टोकदार दिसू लागल्या, की तिथून पुढे तास मोजायचे नाहीत, मिनिटं मोजायची. एका ढगाकडे दहा मिनिटांनी परत बघा. सलग बघत राहिलात तर वाढ कळत नाही.

दुपारनंतर तीन गोष्टी फोनवर उघड्या ठेवा: मुंबईच्या डॉप्लर रडारचं चित्र, उपग्रहाचं चित्र, आणि आयआयटीएमचं दामिनी. दामिनी तुमच्या भोवतीच्या 20 आणि 40 किलोमीटरच्या वर्तुळात पडलेल्या विजा दाखवतं. गावाकडच्या लोकांसाठी हे अ‍ॅप जीव वाचवणारं आहे, पायलटसाठी मात्र त्यातला इशारा उशिराचा असतो. 40 किलोमीटरच्या वर्तुळात पहिली वीज दिसली की आपण जमिनीवर, विंग पिशवीत, असं असायला हवं. हवामान खात्याचा तीन तासांचा नाऊकास्टही (तातडीचा अंदाज) येतो, तो पुण्यासाठी आला की वाद संपला.

वाऱ्याचा पल्ला किती असतो याचं उदाहरण अजून ताजं आहे. 13 मे 2024 रोजी मुंबईत दुपारी आधी धूळ आणि वारा आला, मग पाऊस. घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 जणांचा जीव गेला. त्या होर्डिंगबाबत इतर प्रश्न आहेतच, पण उभी आडवी पत्र्याची चौकट जिथे टिकली नाही तिथे पाच-सात किलोच्या कापडाखाली बसून आपण काय करणार, एवढंच मला म्हणायचंय.

गस्ट फ्रंट, म्हणजे ढगाखालून सुटलेल्या वाऱ्याची आघाडी, आणि समुद्राचा वारा यांत गल्लत करू नका. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, अर्ध्या तासात हळूहळू वाढतो, जरा दमट असतो. गस्ट फ्रंट ढगाच्या बाजूनं येतो, मावळात बहुतेकदा पूर्वेकडून, आणि त्याआधी काही मिनिटं वारा चक्क पडतो. संध्याकाळी पाचला चांगला चाललेला पश्चिमेचा वारा अचानक थांबला आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक लटकला, तर ‘थोडं थांबू, परत येईल’ असं म्हणत विंग पसरून बसू नका. गुंडाळा. पुढची झुळूक उलट दिशेनं, थंड आणि मातीचा वास घेऊन आली, तर पिशवीची चेन लावायलाही वेळ मिळणार नाही. विंगवर आडवे पडा, हार्नेसला विंग जोडणारे कॅराबिनर सोडवा.

हवेत असताना याच्या उलट फसवणूक होते. संध्याकाळी सगळीकडे लिफ्ट, कुठेही वळा, चढ-उतार सांगणारा व्हेरिओ गातोय, खाली जाणारी हवा (सिंक) सापडतच नाही. नवशिक्याला वाटतं आज काय दिवस आहे! डोक्यावर काळा तळ असेल तर तो ढग तुम्हाला ओढतोय. लवकर उतरायच्या तंत्रांपैकी बिग इअर्सनं सेकंदाला तीनेक मीटर खाली येता येतं, बी-लाइन स्टॉलनं सहा-आठ, चांगल्या स्पायरलनं दहाच्या पुढे, तेही शिकलेल्याला. सीबीखालचा वर जाणारा झोत सेकंदाला 15 मीटरच्या वर सहज जातो. गणित जुळत नाही. 2007 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात मॅनिला इथे स्पर्धेच्या सरावात एवा विस्निएर्स्का ही कसलेली जर्मन पायलट अशा ढगात 9,946 मीटरपर्यंत ओढली गेली. ती बेशुद्ध झाली आणि तरी वाचली. त्याच ढगात सापडलेला चिनी पायलट वाचला नाही. सगळीकडे लिफ्ट लागली की उतरण्याचं तंत्र आठवत बसण्याआधी ढगापासून बाजूला, उजेडाच्या दिशेनं पळायचं. उंची नंतर सोडता येते.

बारामतीच्या भावाबद्दल. त्याला तुमच्यापेक्षा वेग जास्त आहे, संस्थेची शिस्त आहे आणि जवळच्या मोठ्या विमानतळांचे मेटार-टाफ (सध्याच्या हवेचा अहवाल आणि पुढच्या तासांचा अंदाज) वाचायची सवय लागलेली असेल. टाफमध्ये सीबी हा शब्द दिसला की त्यानं घरी परतण्याच्या वेळेला तासभर जोडून इंधन मोजावं. तीव्र वादळापासून 20 नॉटिकल मैल, म्हणजे 37 किलोमीटर लांब राहण्याचा सर्वमान्य सल्ला आहे, आणि दोन ढगांमधल्या फटीतून जाण्याचा मोह लहान विमानांना महागात पडतो. त्याच्यासाठी एप्रिलची खरी रोजची अडचण वेगळी: पातळ हवा. पुण्याच्या उंचीवर तापमान 40 असेल तर विमानाला हवा साधारण 1,600 मीटर उंचीसारखी वाटते. धाव लांबते, चढण मंदावते. हाच नियम तुम्हालाही थोडा लागतो, उन्हाळ्यात लँडिंगला जमीन जरा जास्त वेगानं येते. वारा नसलेल्या दुपारी उतरताना ब्रेक ओढून फ्लेअर देताना हे जाणवेल.

तुमच्या चार दिवसांचं मी असं करीन. चारही पहाटे उडण्यासाठी धरून ठेवा, सहा-साडेसहाला टेक-ऑफवर. पहाटेचं सत्र वळवाच्या आठवड्यातही सहसा मिळतं. संध्याकाळची सत्रं ‘मिळाली तर’ या खात्यात टाका आणि त्यांच्यासाठी पैसे भरून अडकू नका. आदल्या रात्री बातमीपत्र आणि दवबिंदू, पहाटे आकाश, दुपारी दोनला उपग्रह आणि रडार. एवढ्यावर खाली यायचा तास कागदावर लिहा आणि सोबतच्या माणसाला सांगा. पहिल्या दिवशी संध्याकाळी जोरदार वळीव झाला तर दुसऱ्या दिवशी लगेच हिरमुसू नका. ओल्या जमिनीवर थर्मल उशिरा आणि मवाळ सुटतात, सकाळची वेळ लांबते, आणि हवा धुतल्यासारखी असते. मात्र त्याच ओलीमुळे दवबिंदू वर गेलेला असतो आणि दुपारनंतर आदल्या दिवसाचाच प्रयोग पुन्हा होण्याची शक्यता मोठी. अशा दिवशी साडेनऊपर्यंत उडा, दहाला नाश्ता करा, दुपारी झाडाखाली रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट) पॅकिंगचा सराव ठेवा. टेकडीवर विजेच्या वेळी थांबू नका. गडगडाट ऐकू आला म्हणजे ढग 15 किलोमीटरच्या आत आहे. गाडीत बसा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय वर परतू नका.